'वाइल्डनेस' : एका संज्ञेचा अर्थ, तिचे उपयोजन आणि मराठी समीक्षेपुढील पेच

१

हेन्री डेव्हिड थोरो याच्या 'वॉकिंग' या निबंधात जगाच्या रक्षणाचा संबंध 'वाइल्डनेस'शी जोडणारे एक विधान आहे. १८५१ पासून व्याख्यानाच्या रूपाने सादर होत आलेला हा निबंध थोरोच्या मृत्यूनंतर, जून १८६२ मध्ये, 'अटलांटिक मंथली' या मासिकात प्रसिद्ध झाला. पुढे हे विधान अमेरिकेतील निसर्गसंरक्षणाच्या चळवळीचे जणू बोधवाक्यच बनले. मात्र ते उद्धृत करताना अनेकांनी, आणि त्यांत या चळवळीशी निष्ठा बाळगणारेही आले, 'वाइल्डनेस'च्या जागी 'विल्डरनेस' हा शब्द घातला आहे. इंग्रजी वर्णलेखनात हा फरक अवघ्या दोन अक्षरांचा. त्यामुळे ती स्मरणाची किरकोळ चूक वाटते. परंतु एखादी चूक वारंवार आणि एकाच दिशेने होत असेल, तर ती त्या भाषेच्या वापरातील एका प्रवृत्तीची खूण असते. 'विल्डरनेस' हे स्थळ आहे. ते नकाशावर दाखवता येते, त्याला सीमा घालता येते, कायद्याने ते राखून ठेवता येते. 'वाइल्डनेस' हा गुण आहे; त्याला सीमा घालता येत नाही. गुणाचे स्थळात रूपांतर करण्याची ही ओढ समजून घेतल्याखेरीज 'वाइल्ड' या विशेषणाभोवतीच्या शब्दकुलाचा विचार पुरा होऊ शकत नाही.

थोरोच्या निबंधाकडे पुन्हा वळले असता या रूपांतरात काय गमावले जाते हे स्पष्ट होते. 'वाइल्डनेस'ची उदाहरणे देताना तो केवळ दुर्गम अरण्याकडे बोट दाखवीत नाही. शेजाऱ्याची गाय वसंताच्या प्रारंभी कुरण मोडून बाहेर पडते आणि नदी पोहून जाते, तेव्हा त्या पाळीव जनावरात त्याला हा गुण दिसतो. 'इलियड' आणि 'हॅम्लेट' या कृतींतही तो त्याला दिसतो. किंबहुना वाङ्मयात मनाला ओढून घेणारी गोष्ट हीच, असे त्याचे प्रतिपादन आहे. म्हणजे ही संज्ञा थोरोच्या हाती जितकी निसर्गविचाराची आहे, तितकीच वाङ्मयविचाराचीही आहे. 'विल्डरनेस' असा पाठ स्वीकारताच गाय वगळली जाते आणि 'हॅम्लेट'ही वगळले जाते. उरते ती फक्त भूमी.

'वाइल्ड' हा शब्द वस्तूचा स्वयंसिद्ध धर्म सांगत नाही, तो एक संबंध सांगतो, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. प्रत्येक उपयोजनात त्याच्यामागे एक कुंपण गृहीत धरलेले असते. ते कुंपण कोणते आणि ते कोणी घातले, हे ठरवल्याशिवाय या शब्दाचा अर्थ हाती येत नाही. मराठी समीक्षेत आणि अनुवादात या शब्दासाठी 'रानटी' वा 'आदिम' असा ठराविक पर्याय योजला जातो, तेव्हा अर्थाऐवजी एक निवाडाच मराठीत येतो.

२

व्युत्पत्तीचा पुरावा या भूमिकेला अंशतः साहाय्य करतो. 'विल्डरनेस' या शब्दाच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतील 'वाइल्ड' आणि 'देओर' ही दोन पदे आहेत. 'देओर' म्हणजे आजचे 'डिअर'. पण त्या काळी त्याचा अर्थ हरिण असा मर्यादित नसून कोणताही पशू असा होता. जर्मन भाषेतील 'टीअर' या सजातीय शब्दाने तो व्यापक अर्थ आजही टिकवला आहे. तेव्हा 'विल्डरनेस' म्हणजे मुळात न माणसाळलेल्या पशूंचे ठिकाण. गमतीची गोष्ट अशी की, या शब्दाचा प्रत्यय भाववाचक नामाचा आहे आणि अर्थ मात्र स्थलवाचक आहे. गुणाकडून स्थळाकडे जाण्याची जी ओढ थोरोच्या उद्धरणात दिसते, ती शब्दाच्या घडणीतच सामावलेली आहे.

'वाइल्ड' या पदाचा संबंध 'विल', म्हणजे इच्छाशक्ती, या पदाशी जोडून 'जे स्वतःच्या इच्छेने चालते ते वाइल्ड' अशी उपपत्तीही मांडली जाते. निसर्गवादी लेखकांना ती प्रिय आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती निःसंदिग्ध नाही आणि तिच्यावर तात्त्विक इमारत उभारणे धोक्याचे आहे. त्यापेक्षा कोशांतील व्याख्यांची घडण अधिक बोलकी ठरते. न माणसाळलेला, न लागवडलेला, न वसलेला, न आवरलेला : या शब्दाची कोणतीही व्याख्या नकाराशिवाय पुरी होत नाही. इंग्रजीत या प्रदेशात आणखी दोन शब्द वावरतात. 'सॅव्हेज' हा लॅटिनमधील अरण्यवाचक 'सिल्वा' या शब्दापासून फ्रेंचमार्गे आलेला. 'फेरल' हा 'फेरस' या लॅटिन विशेषणावरून घेतलेला. 'फेरल' या शब्दात इतिहास अंतर्भूत असतो : जे एकदा माणसाळले होते आणि पुन्हा सुटले, ते 'फेरल'. व्यवहारात हा भेद नेहमी पाळला जातोच असे नाही. अमेरिकेतील मोकळे फिरणारे घोडे हे युरोपीयांनी आणलेल्या पाळीव घोड्यांचे वंशज असल्यामुळे वस्तुतः 'फेरल' होत; परंतु त्यांच्या संरक्षणासाठी १९७१ साली झालेल्या कायद्याच्या नावातच त्यांना 'वाइल्ड' म्हटले आहे. इतिहास विसरल्याशिवाय 'वाइल्ड' हा गौरव प्राप्त होत नाही, असे या उदाहरणावरून दिसते.

अनुवादाच्या इतिहासातही हेच आढळते. १६११ च्या इंग्रजी बायबलात हिब्रूतील 'मिदबार' या शब्दासाठी बहुतेक ठिकाणी 'विल्डरनेस' हा शब्द आला. 'मिदबार' म्हणजे रुक्ष, विरळ वस्तीचा, कळप चारण्याचा प्रदेश. त्यात दाट झाडीचा लवलेश नाही. मराठी बायबलात त्यासाठी 'रान' आणि 'अरण्य' हे शब्द आले आणि मराठी वाचकाच्या मनात वृक्षराजी उभी राहिली. याच्या उलट दिशेचा प्रवास 'जंगल' या शब्दाने केला. आयुर्वेदातील 'जांगल' देश हा अल्पोदक, विरळ झाडांचा व मोकळा प्रदेश; 'आनूप' या पाणथळ प्रदेशाच्या तो विरुद्ध. फ्रांसिस झिमरमन याने आपल्या १९८२ च्या फ्रेंच ग्रंथात हा भेद विस्ताराने उलगडला आहे. अठराव्या शतकात हिंदी-मराठीतून इंग्रजीत गेलेला हा शब्द तेथे दाट, ओला, गुंतागुंतीचा झाला आणि त्या अर्थाने पुन्हा आपल्याकडे परतला. शब्द तोच राहिला, पण त्याच्या विरुद्ध उभा असलेला प्रदेश बदलला, आणि त्याबरोबर अर्थही बदलला.

३

वाङ्मयीन उपयोजनांकडे वळल्यास हा सापेक्षभाव अधिक सूक्ष्म रूपात दिसतो. मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये (१६६७) एकच विशेषण दोन विरुद्ध भूमिका पार पाडते. पाचव्या सर्गात नंदनवनातील निसर्ग नियम व कला यांच्या पलीकडे बहरलेला आहे आणि 'वाइल्ड' हा त्याचा गौरव आहे. नवव्या सर्गात मात्र ईव्ह तक्रार करते की, दिवसभर छाटलेली वाढ एकदोन रात्रींत पूर्ववत होते आणि बाग 'वाइल्ड' होण्याकडे झुकते. या तक्रारीतूनच ती कामाची विभागणी सुचवते आणि ॲडमपासून दूर जाते. पुढचा अनर्थ त्या एकटेपणात घडतो. बाग तीच, बदलला आहे तो पाहणाऱ्याचा बागेशी असलेला संबंध. जो केवळ पाहतो त्याला 'वाइल्ड' म्हणजे आनंद, आणि जो राबतो त्याला ते न संपणारे काम. पतनापूर्वीच्या सृष्टीतही हा शब्द निरपेक्ष राहू शकत नाही, हे मिल्टनने दाखवले आहे.

अठराव्या शतकाच्या आगेमागे 'विल्डरनेस' या शब्दाला एक वेगळाच अर्थ रूढ होता. मोठ्या वाड्यांच्या उद्यानांत वाटा आखून, झाडे लावून तयार केलेल्या विभागाला हे नाव असे. हॅम्प्टन कोर्ट येथील प्रसिद्ध भूलभुलैया अशाच एका 'विल्डरनेस'चा भाग होता. जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफील्ड पार्क' (१८१४) या कादंबरीत सदर्टन येथील 'विल्डरनेस' सुमारे दोन एकरांचे, लावलेल्या झाडांचे आहे. त्याच्या टोकाशी कुलूपबंद लोखंडी फाटक आहे. वाग्दत्त वर किल्ली आणायला गेला असता मारिया बर्ट्रम ही हेन्री क्रॉफर्डबरोबर त्या फाटकाच्या कडेने निसटून पलीकडच्या मोकळ्या पार्कमध्ये जाते. या प्रसंगात 'विल्डरनेस'चे भाषांतर 'जंगल' असे केले, तर सारा उपरोध नाहीसा होतो. ज्याला 'विल्डरनेस' म्हटले आहे तेच येथे बंदिस्त आहे आणि मर्यादाभंग करण्यासाठी पात्रांना त्याच्या बाहेर पडावे लागते. मारियाच्या पुढील वर्तनाचे सूचन कादंबरीने या एका शब्दाच्या आणि फाटकाच्या आधारे केलेले आहे.

वर्ड्स्वर्थची 'टिंटर्न ॲबी' (१७९८) ही कविता या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. तीत 'वाइल्ड' हे विशेषण कड्यांच्या एकान्त दृश्यासाठी येते, झुडपांच्या ओळींसाठी येते, तारुण्यातील उन्मादासाठी येते आणि बहिणीच्या डोळ्यांसाठी येते. यांतील दुसरे उपयोजन विशेष लक्षणीय आहे. कवी आधी त्या ओळींना कुंपणाची झुडपे म्हणतो आणि लगेच स्वतःला दुरुस्त करतो : ही कुंपणे म्हणवत नाहीत इतकी मोकाट वाढलेली आहेत. माणसाने लावलेले कुंपणच येथे 'वाइल्ड' झाले आहे. शेवटच्या दोन उपयोजनांत हा शब्द काळाच्या अक्षावर सरकतो. कवीच्या बाबतीत उन्मादाची अवस्था मागे पडली आहे. बहिणीच्या डोळ्यांत तो आपला भूतकाळ पाहतो आणि तिचाही उन्माद कालांतराने शांत आनंदात परिणत होईल असे भाकीत करतो. भाकीत प्रेमाने केलेले आहे यात शंका नाही. तरीही ज्याला 'वाइल्ड' म्हटले गेले त्याला त्या कवितेत स्वतःचे शब्द नाहीत, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. 'वाइल्ड' म्हणणारा नेहमी कुंपणाच्या अलीकडे उभा असतो.

जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स याने १८८१ मध्ये लिहिलेल्या 'इन्व्हरस्नेड' या छोट्या कवितेच्या अखेरच्या कडव्यात 'वाइल्डनेस' आणि 'विल्डरनेस' हे दोन्ही शब्द येतात, आणि त्यांच्या सोबतीला तणाचा वाचक शब्द येतो. कविता स्कॉटलंडमधील एका ओढ्याविषयी आहे. त्या सुमारास कवी ग्लासगोसारख्या औद्योगिक शहरात धर्मसेवा करीत होता. येथील कुंपण शहराचे आहे. परंतु कवितेचा नेमकेपणा तणाच्या उल्लेखात आहे. वनस्पतिशास्त्रात तण नावाची जात नाही. शेतकऱ्याला नको असलेली वनस्पती म्हणजे तण. या सापेक्ष शब्दाला कवीने दीर्घायुष्य चिंतल्यामुळे 'वाइल्डनेस'चा जयघोष भव्य निसर्गदृश्याच्या गौरवापुरता राहत नाही, तो नकोशा गोष्टीपर्यंत खाली येतो. कवितेत ओलावा व 'वाइल्डनेस' यांची सांगड घातल्यामुळे गुण आधी येतो आणि स्थळ नंतर. थोरोला चुकीचे उद्धृत करणाऱ्यांनी जो क्रम उलटा केला, तो हॉपकिन्सच्या रचनेत शाबूत आहे.

४

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दकुलाची सैद्धान्तिक चिकित्सा दोन बाजूंनी झाली. हेडन व्हाइट याने १९७२ च्या आपल्या निबंधात 'वाइल्डनेस' ही संकल्पना समाजाच्या आत्मव्याख्येचे साधन म्हणून तपासली. आपण कोण हे निश्चित सांगता येत नसेल, तेव्हा 'आपण तसे नाही' असे म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. 'वाइल्ड' मनुष्य ही अशी बोट दाखवण्याची सोय होय, असा त्याचा युक्तिवाद आहे. दुसरी चिकित्सा पर्यावरणेतिहासाने केली. अमेरिकेच्या १९६४ च्या 'विल्डरनेस' कायद्याने अशा भूमीची व्याख्या करताना माणसाला तेथे न राहणारा पाहुणा ठरवले आणि सुमारे ९१ लाख एकर क्षेत्र प्रथम संरक्षित केले. परंतु निर्मनुष्यतेचा हा आदर्श ज्या प्रदेशांवरून घडला, त्यांतील कित्येक प्रदेश मुळात वसलेले होते. योसेमिटीच्या खोऱ्यातील मूळ रहिवाशांना १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने हुसकावले होते. रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये हा आदर्श भारतासारख्या देशात आणण्याचा भार गरिबांवर पडतो असे दाखवले, तर विल्यम क्रोनन याने १९९५ मध्ये 'विल्डरनेस' ही संस्कृतीचीच निर्मिती आहे असे प्रतिपादन केले. घराच्या अंगणातील झाडही तितकेच 'इतर' असते, असे म्हणून क्रोनन पुन्हा 'वाइल्डनेस'कडे वळतो.

थोरोकडे घेतलेले हे वळण आकर्षक आहे, पण त्याने सर्व अडचणी सुटत नाहीत. स्थळाची सीमा पुसली तरी गुणाची सीमा उरतेच, आणि गुण माणसांनाही चिकटवता येतो. वसाहतकालीन इंग्रजी लेखनात भारतातील आदिवासी समाजांसाठी 'वाइल्ड ट्राइब्ज' हा शब्दप्रयोग रूढ होता. मराठीत त्याचे 'रानटी टोळ्या' झाले आणि पाठ्यपुस्तकी भाषेत ते दीर्घकाळ टिकले. १९७२ च्या कायद्याने 'वाइल्ड लाइफ'साठी 'वन्यजीव' हा शब्द प्रतिष्ठित केला. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्या समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य करताना 'वननिवासी' हा शब्द वापरला. 'रानटी', 'वन्य' आणि 'वननिवासी' या तीन शब्दांमध्ये एकाच भूमीचा आणि तिच्यावरील माणसांच्या दर्जाचा इतिहास साठलेला आहे. तेव्हा यांपैकी कोणता पर्याय निवडावा हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही.

५

मराठीतील 'रान' हा शब्द तर या कुंपणाच्या कल्पनेलाच छेद देतो. मराठीत रान म्हणजे झाडी, तसेच माळरान, तसेच पडीक जमीन; आणि अनेक भागांत रान म्हणजे सरळ शेत. 'रानात गेला आहे' या वाक्याचा अर्थ बहुधा 'शेतावर गेला आहे' असाच असतो. काळे रान, बागाईत रान हे शब्दप्रयोग शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. ना. धों. महानोर यांच्या 'रानातल्या कविता' (१९६७) या संग्रहातील रान कष्टाचे, पिकाचे आणि झाडाझुडपांचे असे एकत्रच आहे. इंग्रजी 'विल्डरनेस' ज्या ठिकाणी सुरू होते, म्हणजे लागवडीची हद्द जिथे संपते, तेथे मराठीने रेघ ओढलेली नाही. या काव्याची मीमांसा करताना इंग्रजी स्वच्छंदतावादाची परिभाषा जशीच्या तशी वापरली, तर कवितेत नसलेले द्वंद्व तिच्यावर लादले जाते.

उलट 'रानटी' या साधित शब्दाने ती रेघ ठळकपणे ओढली आहे, आणि ती माणसांमध्ये ओढली आहे. रानफूल, रानमेवा, रानभाजी यांत 'रान' हे पूर्वपद कौतुकाचे आहे. प्रत्यय लागून तेच माणसाला लावले की तिरस्कार निर्माण होतो. फ्रेंचमध्ये 'सोव्हाज' हा शब्द दोन्ही कामे करतो. क्लोद लेव्ही-स्त्रोस याच्या १९६२ च्या 'ला पाँसे सोव्हाज' या ग्रंथनामात 'विचार' आणि 'पॅन्सीचे फूल' असा श्लेष आहे. १९६६ च्या इंग्रजी अनुवादात त्याचे 'द सॅव्हेज माइंड' झाले, आणि २०२१ च्या नव्या अनुवादाने ते 'वाइल्ड थॉट' असे बदलले. हा बदल घडायला पंचावन्न वर्षे लागली. ग्रंथकाराला अभिप्रेत असलेला विचार रानटी माणसांचा विचार नव्हे. उत्पन्नासाठी मशागत न केलेला, सर्वांच्याच ठायी असणारा तो विचार होय. मराठीत त्यास 'रानटी मन' म्हणणे म्हणजे ग्रंथाने ज्याचे खंडन केले तेच त्याच्या नावावर घालणे ठरेल.

भारतीय परंपरेत मूल्यांचा उतार वेगळ्या दिशेने होता, याचीही आठवण येथे ठेवायला हवी. संस्कृत काव्यशास्त्रात 'ग्राम्यत्व' हा दोष आहे, तर 'आरण्यक' ही ग्रंथांची आदरणीय कोटी आहे. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात वनलतांनी उद्यानलतांना मागे टाकले असे दुष्यंताला वाटते. पण तो ज्या भूमीवर उभा आहे ती निव्वळ अरण्य नाही. तेथील वेलींना पाणी घातले जाते आणि मृगांना अभय आहे. अरण्य आणि नगर यांच्यामधील हा आश्रम इंग्रजी 'वाइल्ड'च्या द्विदल रचनेत बसत नाही.

यावरून मराठीत 'वाइल्ड'ला प्रतिशब्द नाही असा निष्कर्ष काढून थांबणे योग्य होणार नाही. मराठीत तो शब्द त्याच्या विरोधी पदांनुसार विभागलेला आहे. माणसाळलेल्याच्या विरुद्ध 'जंगली' वा 'वन्य'. दावणीच्या विरुद्ध 'मोकाट'. मशागतीच्या विरुद्ध 'पडीक'. छाटणीच्या विरुद्ध 'माजलेले'. संयमाच्या विरुद्ध 'अनावर' किंवा 'बेभान'. 'माणसाळणे' या क्रियापदात तर कुंपण कोणी घातले हेही सांगितलेले आहे. थोरोची गाय मोकाट आहे, ईव्हची बाग माजते आहे, वर्ड्स्वर्थच्या बहिणीच्या डोळ्यांत काही अनावर आहे. प्रत्येक ठिकाणी मराठी अनुवादकाला विरोधी पद शोधावे लागते, आणि ते शोधणे हेच अर्थनिर्णयाचे काम होय. इंग्रजी वाचकाला ते टाळता येते, कारण एकच शब्द सर्वत्र चालतो.

अर्थात या लाभाबरोबर हानीही आहे. कडा, झुडपे, उन्माद आणि डोळे यांना एकाच विशेषणाने बांधून वर्ड्स्वर्थ निसर्ग व मन यांची जी एकात्मता सूचित करतो, ती चार वेगळ्या मराठी विशेषणांत विखुरली जाते. ही हानी अनुवादात भरून निघणारी नाही; समीक्षेने ती नोंदवावी. 'रानटी' हा एकच शब्द सर्वत्र योजून मात्र ती भरून काढता येणार नाही. तो शब्द वापरताना मराठी समीक्षक नकळत कुंपणाच्या अलीकडची, म्हणजे नाव ठेवणाऱ्याची, जागा घेतो. ती जागा घेण्यापूर्वी कुंपण कोणाचे आहे एवढे तपासणे त्याच्याकडून अपेक्षित आहे.